आई-बाबा दोघंच युरोपला चाललेत: पैसे कसे न्यावेत?

चाफा

नमस्कार मंडळी. आई-बाबा सप्टेंबरमध्ये युरोपला चाललेत. टूर कंपनीबरोबर नाही, दोघंच. प्राग, व्हिएन्ना, मग स्वित्झर्लंड आणि शेवटी लंडन. लंडनला आईची भाची असते. शेंगेन आणि ब्रिटन, दोन्ही व्हिसा हातात आले, हॉटेलं मी इथून बुक केली आहेत. अडलंय ते पैशांवर.

बाबांचं म्हणणं, सगळे युरो इथूनच रोख घेऊ आणि कमरेच्या पट्ट्यात बांधू, कार्डाची भानगड नको. आई कोथरूडला कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेसुद्धा फोनवरून देते, त्यामुळे तिचा प्रश्न, "तिकडे यूपीआय चालत नाही का?" मला दोघांनाही नीट उत्तर देता आलेलं नाही. रोख किती न्यावी, फॉरेक्स कार्ड (ज्यात परकीय चलन आधीच भरून न्यायचं) घ्यावं की क्रेडिट कार्ड, आणि हे सगळं पुण्यात कुठून, कसं करावं? ज्यांनी घरच्या ज्येष्ठांना असं पाठवलं आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा.

खडकवासला

मी बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी नियमांचं सांगतो.

बाबांचा बेत तसाही पुरता जमणार नाही. एका प्रवासासाठी एका माणसाला परकीय नोटा ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच मिळतात. त्यापुढची रक्कम कार्डावर घ्यावी लागते. (इराक, लिबिया, रशिया असे काही अपवाद आहेत, ते तुमच्या कामाचे नाहीत.) आपले रुपये जाताना २५,००० पर्यंत जवळ ठेवता येतात. परतल्यावर मुंबईहून पुण्याला यायच्या गाडीसाठी आणि खाण्यापिण्यासाठी तेवढे पुरेत.

चलन प्रवासाच्या आधी ६० दिवसांच्या आत घ्यायचं. पासपोर्ट, पॅन, व्हिसा, तिकीट न्या, ए-२ फॉर्म तिथेच भरून घेतात. ५०,००० रुपयांच्या वरची खरेदी रोख रुपये देऊन होत नाही, चेक किंवा खात्यातून ट्रान्सफर लागते. दोघांच्या नावाने वेगवेगळी खरेदी करा.

दुकानांचं म्हणाल तर जंगली महाराज रस्त्यावर आणि कॅम्पात एम. जी. रोडच्या आसपास परवानाधारक मनी चेंजर आहेत. दोन-तीन ठिकाणी एकाच दिवशी, तासाभरात फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: "दोन हजार युरो, सगळं धरून मला किती रुपये द्यायचे?" नुसता भाव विचारू नका. युरोमागे दीड रुपयाचा फरक म्हणजे दोन हजार युरोंवर तीन हजार रुपये. जीएसटीला घाबरायचं कारण नाही, एक लाखाच्या चलनावर तो १८० रुपये होतो. खरा पैसा भावातल्या फरकात जातो. विमानतळावरच्या काउंटरवर हा फरक सगळ्यात मोठा असतो, तेवढं टाळा.

यूपीआयचं: नेपाळ, भूतान, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, यूएई इथे दुकानांत क्यूआर स्कॅन करून पैसे देण्याची सोय कमी-अधिक प्रमाणात झाली आहे. फ्रान्समध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत आयफेल टॉवरपासून सुरुवात झाली. प्राग-व्हिएन्नाला मात्र आईंनी यूपीआय धरून चालू नये.

मुळाकाठ

खडकवासला यांनी रोखीचं सांगितलंच आहे. माझ्या मते बाकी सगळं परकीय खर्चावर मार्कअप (बँकेचं वरचं शुल्क) न लावणाऱ्या क्रेडिट कार्डवर करावं. साध्या कार्डावर बहुतेक बँका साडेतीन टक्के मार्कअप लावतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. लाखाच्या खर्चावर चार हजार एकशे तीस रुपये कुठे गेले ते कळतही नाही, कारण ते स्टेटमेंटवर वेगळ्या ओळीत, नंतरच्या तारखेला येतात. मार्कअप नसलेली कार्डं आता बऱ्याच बँकांकडे आहेत. आत्ता अर्ज केला तर सप्टेंबरपर्यंत सहज हातात येईल. बाबांना पेन्शन असेल तर त्यावर, नसेल तर मुदतठेवीवर कार्ड मिळतं.

पर्वतीपायथा

मुळाकाठ, हिशेब बरोबर आहे, पण चाफाताईंच्या आई-बाबांसाठी मी फॉरेक्स कार्डच पुढे ठेवेन. त्यात जेवढे भरले तेवढेच जाऊ शकतात. पिन कुणी बघितला, कार्ड मारलं, तरी नुकसान तिथेच थांबतं. माझे सासरे ज्या खात्यात पेन्शन येतं त्याचंच डेबिट कार्ड घेऊन निघाले होते, मी हट्टाने ते कपाटात ठेवायला लावलं. त्या खात्याला मुदतठेवी जोडलेल्या, म्हणजे चोराला सगळं घर उघडं. पेन्शनच्या खात्याचं कार्ड परदेशात नेऊच नये, या मताशी मी ठाम आहे.

शिवाय युरोचा भाव भरतानाच ठरून जातो. ज्येष्ठांना हे फार सोयीचं पडतं. सहलीचे इतके पैसे, त्यातले इतके उरले, असा हिशेब रोज रात्री फोनवर दिसतो.

मुळाकाठ

मान्य, पण प्रागचं काय? चेक प्रजासत्ताकात युरो नाही, कोरुना चालतो. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड तिथे वापरलं की युरोतून कोरुना होताना क्रॉस करन्सी शुल्क लागतं, आणि ते मार्कअपच्या जवळपासच जातं. कार्डात कोरुनाचा कप्पा आहे का ते आधी बघा, बहुधा नसेल.

दुसरं, हॉटेलवाले चेक-इनला डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ती फक्त मर्यादेतून कमी दिसते. फॉरेक्स कार्डावर मात्र तुमचे खरे पैसे अडकतात, आणि हॉटेलने सोडले तरी परत दिसायला कधी दोन-तीन आठवडे लागतात. तोवर सहल संपलेली असते.

पर्वतीपायथा

डिपॉझिटचा मुद्दा पटला. मग दोन्ही न्यावं: हॉटेल आणि प्राग क्रेडिट कार्डावर, बाकी युरो, फ्रँक आणि पौंड फॉरेक्स कार्डावर. एकाच कार्डात तिन्ही चलनं भरता येतात. स्वित्झर्लंडमध्ये युरो घेणारी दुकानं आहेत, पण सुटे फ्रँकमध्ये देतात आणि भाव त्यांच्या मनाचा, म्हणून फ्रँक वेगळे भराच.

शब्दवेडी

कार्ड कुठलंही असो, आई-बाबांना एक गोष्ट घरी बसवून शिकवा. आम्ही व्हिएन्नात कॉफी प्यायला बसलो होतो. वेटरने पैसे घ्यायचं मशीन माझ्यापुढे धरलं. पडद्यावर दोन चौकोन: वर रुपये, खाली युरो. रुपयांच्या चौकोनात आपल्या ओळखीचा आकडा, शेजारी छोटासा तिरंगा. खाली बारीक अक्षरांत विनिमयाचा दर आणि त्यातच मिळवलेले चार-पाच टक्के. आपलं चलन, आपला झेंडा बघून कुणाचंही बोट आपसूक तिकडेच जातं. तिथे नेहमी स्थानिक चलन निवडायचं. युरोच्या देशात युरो, प्रागला कोरुना, लंडनला पौंड. रुपये निवडले की दर त्या दुकानाची बँक ठरवते, आणि आपल्याकडच्या काही बँका परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही वर शुल्क लावतात. म्हणजे दोन्हीकडून.

कधी वेटर स्वतःच बटण दाबून मोकळा होतो. म्हणून कार्ड पुढे करतानाच "लोकल करन्सी, प्लीज" म्हणायची सवय लावा. पावतीवर रुपये दिसले तर तिथल्या तिथे रद्द करून पुन्हा करायला सांगायचं, त्यात संकोच करायचा नाही.

एटीएमवरही हेच. तिथे प्रश्न जरा धमकावल्यासारखा येतो: रूपांतर स्वीकारता की नाकारता? नाकारलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटतं. नाकारा. पैसे मिळतात.

टेकडीवरून

प्रागबद्दल थोडं, कारण तिथे पर्यटकांना गाठणारे बरेच असतात.

रस्त्यात कुणी "चेंज?" म्हणत जवळ आला तर थांबायचंच नाही. कोरुनाच्या नावाखाली दुसऱ्याच देशाच्या, कवडीमोल झालेल्या नोटा हातात देतात, आणि नवख्या माणसाला त्या ओळखता येत नाहीत. दुकानात बदलायचे असतील तर पाटीवर शून्य कमिशन लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. शंभर युरोंचे किती कोरुना, हे कागदावर लिहून मागा, मग पैसे पुढे करा. आणि हे फार कमी जणांना माहीत असतं: २०१९ पासून तिथे कायदाच आहे की १,००० युरोंपर्यंतची अदलाबदल तीन तासांच्या आत रद्द करता येते. पावती जपून ठेवायची आणि त्याच दुकानात परत जायचं. बाबांना हे मराठीत लिहून द्या.

तसे फार कोरुना लागणारही नाहीत. ट्रॅममध्ये कार्ड टेकवून तिकीट मिळतं. स्वच्छतागृहाला आणि एखाद्या छोट्या दुकानाला नाणी लागतात, तेवढ्यापुरते एटीएममधून काढा. एटीएम बँकेच्या भिंतीतलं निवडा. पर्यटकांच्या चौकात सुटी उभी केलेली मशीनं शुल्कही जास्त घेतात आणि दरही वाईट देतात.

नांदुरकी

मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे आणि यजमान होते तोवर त्यांच्याबरोबर आणि आता मैत्रिणींबरोबर फिरते. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. सगळ्यांनी पैसे कुठल्या रूपात न्यावेत हे सांगितलं, पण कुणाजवळ असावेत हे कुणी विचारलं नाही.

आमच्या पिढीत पैसे, पासपोर्ट, तिकिटं, सगळं यजमानांच्या पट्ट्यात. बाईच्या पर्समध्ये औषधं, रुमाल आणि खाऊचा डबा. आमच्या ओळखीतलं एक जोडपं एका मोठ्या स्टेशनवर चुकलं. ते गाडीत चढले, दार बंद झालं, त्या फलाटावर. फोन यजमानांच्या हॉटस्पॉटवर चालायचा, म्हणजे तोही बंद. त्या बाईंकडे एक युरोसुद्धा नव्हता. पाणी घेता येईना, पुढच्या गाडीचं तिकीट काढता येईना. एका अनोळखी मुलीने फोन लावून दिला म्हणून भेट झाली. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्या दिवशी भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, असं त्या म्हणाल्या, आणि ते मला आतपर्यंत लागलं.

चाफा, तुझ्या आईला तिच्या नावाचं वेगळं कार्ड दे. बाबांच्या कार्डाची जोडकार्डं नकोत, कारण एक बंद केलं की कधी दुसरंही बंद होतं. तिचं कार्ड, तिचा पिन, तिने स्वतः पुण्यातच टाकून पाहिलेला. तिच्या पर्समध्ये दीडशे-दोनशे युरो रोख, वीस आणि दहाच्या नोटांत. तिच्या फोनात तिचं स्वतःचं इंटरनेट. आणि हॉटेलचा पत्ता कागदावर. हे बाबांवर अविश्वास म्हणून नाही. दोघांपैकी कुणाचंही पाकीट गेलं तरी दुसऱ्याजवळ पुरेसं असावं, एवढाच अर्थ आहे. बाबांनाही ते असंच सांग, ते ऐकतील.

आणि खरं सांगू, तिला एखादी शाल घ्यावीशी वाटली, एखाद्या चर्चमध्ये मेणबत्ती लावावीशी वाटली, तर त्यासाठी "अहो, जरा पाच युरो द्या" म्हणावं लागू नये. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर तरी नको.

चाफा

नांदुरकी मावशी, हे वाचून मी आईला फोन केला. तिने आत्तापर्यंत कार्डावर एकदाही स्वतः पिन टाकलेला नाही, हे मला आजच कळलं. शनिवारी तिला घेऊन बँकेत जाते.

लंडनवारी

मावशींच्या मुद्द्याला लंडनमध्ये अगदी व्यवहारातलं कारणही आहे. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. बसला आणि ट्यूबला (तिथली भुयारी रेल्वे) कार्ड टेकवायचं. एका कार्डावर एकाच वेळी एकच माणूस प्रवास करू शकतो. बाबांनी स्वतःचं टेकवून मग तेच आईसाठी टेकवलं तर दुसऱ्यांदा फाटक उघडणार नाही. म्हणून दोन स्वतंत्र कार्डं हवीतच. ट्यूबमध्ये चढताना जे टेकवलं तेच उतरताना टेकवायचं, कार्ड एकदा आणि फोन एकदा असं केलं तर यंत्रणा ते दोन वेगळे प्रवासी समजते आणि भाडं जास्त कापते. दिवसभराचं भाडं एका मर्यादेपर्यंतच घेतात आणि एकत्र कापतात, त्यामुळे प्रत्येक टेकवण्याची चिंता नको.

जुने पौंड घरात पडले असतील तर तपासून घ्या. कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनात नाहीत, आता प्लास्टिकच्याच चालतात. जुन्या असल्या तर बँक ऑफ इंग्लंड अजूनही बदलून देते. आणि खरेदीवरचा व्हॅट (किमतीतच धरलेला विक्रीकर) लंडनला परत मिळत नाही, ती सोय २०२१ पासून बंद आहे. ऑस्ट्रिया-चेकमध्ये मिळतो, त्यामुळे क्रिस्टल वगैरे घेणार असतील तर तिथे घेऊन फॉर्म करून घ्यावा. पण लंडनहून परतताय आणि ब्रिटन युरोपीय संघात नाही, म्हणून त्या फॉर्मवर कस्टमचा शिक्का संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर घ्यायचा. तुमच्या बेतात स्वित्झर्लंड मध्ये आहे आणि तोही संघात नाही, म्हणजे तो ऑस्ट्रियाच्या सीमेवरच करावा लागेल. ट्रेनने जाणार असतील तर या भानगडीत न पडलेलंच बरं.

मुळशीकर

कार्ड हातात असून चालत नाही, अशी वेळ बहुतेक वेळा घरच्याच तयारीअभावी येते. २०२० पासून नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार आपणहून बंद असतात. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात, आणि तिथे मशीन, एटीएम, ऑनलाइन, टॅप असे वेगवेगळे खटके असतात. मशीन, एटीएम आणि टॅप चालू ठेवा. ऑनलाइन बंदच बरं, कारण बऱ्याच परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी न विचारताच पैसे जातात.

भारतातलं सिम फोनमध्ये चालू राहू द्या, रोमिंग इथूनच सुरू करून घ्या. तिकडे जाऊन अॅपमध्ये काही बदलायचं झालं तर ओटीपी त्याच नंबरावर येणार.

बँकेचा जो १८०० ने सुरू होणारा नंबर कार्डामागे छापलेला असतो तो परदेशातून सहसा लागत नाही. +९१ ने सुरू होणारा दुसरा नंबर असतो, तो शोधून दोघांच्या फोनात आणि कागदावर लिहून ठेवा. कार्ड हरवलं तर आधी अॅपमधून बंद करायचं, मग फोन. चूक ना बँकेची ना आपली, कुणी तिसऱ्यानेच पैसे काढले, असं असेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ग्राहकावर तोटा येत नाही. पण पिन कुणाला सांगितला असेल तर हे लागू नाही.

बाबांकडून कार्ड बंद-चालू करण्याचा सराव दोनदा करून घ्या. प्रसंग आल्यावर तुम्ही पुण्यात झोपलेल्या असाल.

पर्वतीपायथा

एक राहिलं. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा काढला असेलच. पण साध्या डॉक्टरकडे किंवा औषधाच्या दुकानात बहुधा आधी आपणच पैसे द्यायचे आणि परत आल्यावर बिलं लावून मागायचे. म्हणून क्रेडिट कार्डाची मर्यादा सगळी हॉटेलांत संपवू नका, एक लाखभर तरी मोकळी ठेवा. दोघांनाही बीपीची गोळी असेल तर हे जास्तच महत्त्वाचं.

चाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: दोघांच्या नावाने दोन वेगळी फॉरेक्स कार्डं, त्यात युरो, फ्रँक, पौंड. बाबांकडे मार्कअप नसलेलं क्रेडिट कार्ड. रोख प्रत्येकी तीनशे युरो, शंभरहून मोठी नोट नाही. पेन्शनचं कार्ड घरी.

दोन प्रश्न राहिले. टीसीएस (चलन घेतानाच आगाऊ वसूल होणारा आयकर) कापतील का? आणि उरलेल्या चलनाचं काय करायचं?

खडकवासला

टीसीएस: फॉरेक्स कार्ड आणि रोख चलन उदारीकृत प्रेषण योजनेत (परदेशी पैसे नेण्या-पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) धरतात, त्याची वर्षाची मर्यादा माणशी २,५०,००० डॉलर. प्रवासासाठी घेतलेल्या चलनावर टीसीएस एका आर्थिक वर्षात माणशी १० लाख रुपयांच्या वर लागतो (१ एप्रिल २०२५ पर्यंत ही मर्यादा ७ लाख होती). प्रत्येकाचं पॅन वेगळं, हिशेब वेगळा. तुमचा खर्च बघता प्रश्न येणार नाही. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च सध्या यात धरत नाहीत. टूर पॅकेजचा टीसीएस वेगळ्या नियमाने लागतो, तुम्हाला तो नाही. कुणाचा कापला गेलाच तर आयकर खात्याकडच्या आपल्या वार्षिक कर-पत्रकात दिसतो आणि विवरणपत्र भरून वळता किंवा परत मिळतो. आई-बाबांचं उत्पन्न करपात्र नसलं तरी त्यासाठी विवरणपत्र भरावं.

उरलेलं चलन: परतल्यापासून १८० दिवसांच्या आत विकायचं. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवायला परवानगी आहे. घेतानाची पावती जपा, विकताना उपयोगी पडते. नाणी इथे कुणी विकत घेत नाही, म्हणून लंडनच्या विमानतळावर शेवटचा चहा नाण्यांनी द्या आणि उरलेली रक्कम कार्डावर. फ्रँकची नाणी तर पाच फ्रँकपर्यंत असतात, म्हणजे मूठभर नाण्यांत बरेच रुपये असतात. झुरिकहून निघायच्या आधी ती संपवा.

फॉरेक्स कार्डातली शिल्लक तशीच पडू देऊ नका. काही बँका वर्षभर कार्ड न वापरल्यास शुल्क कापायला लागतात. पुढच्या वर्षी परत जाणार नसतील तर बँकेत अर्ज देऊन शिल्लक खात्यात वळती करून घ्या. आईंच्या कार्डाचा अर्ज आईंच्याच सहीने.